पावसाळ्यात पिठाला माइट का धरतात आणि ते चाळून का जात नाहीत

पाटण तालुक्यात नोकरीला असलेल्या एका सरांनी विचारलंय. गाव जत तालुक्यातलं. आई दर महिन्याला तिकडून ज्वारीचं दहा किलो पीठ दळून एसटीच्या पार्सलने पाठवते. उन्हाळ्यात काही तक्रार नव्हती. जुलैत मात्र डब्याच्या कडेला पांढरट-तपकिरी धूळ दिसायला लागली, आणि निरखून बघितलं तर ती हलते. मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळलं, डबा धुतला, तमालपत्र आणि लवंगा टाकल्या, तरी आठवड्यात परत तेच. पिठाला वेगळाच उग्र-गोडसर वास येतोय. त्यांना तीन गोष्टी हव्यात: हे कशाने झालं, पीठ खाल्लं तर चालेल का, आणि त्याच फळीवरचा रवा, पोहे, बेसन टाकून द्यायचं का.

मी सांगलीत पिठाची गिरणी चालवते आणि भाजण्या, नाचणीचं पीठ करून विकते. पावसाळा लागला की "ताई, हे बघा काय झालंय" म्हणत डबा घेऊन येणारं एक तरी गिऱ्हाईक असतंच, त्यामुळे हा प्रकार चांगला ओळखीचा आहे.

सर, धूळ हलते आणि चाळूनही जात नाही, या दोन खुणांवरून हे माइट आहेत असं मी धरून चालते. पिठातले नेहमीचे लालसर पोरकिडे तीन-चार मिलिमीटर लांब असतात, ते धूळ वाटत नाहीत, सरळ किडे म्हणूनच दिसतात. टोके, म्हणजे सोंडवाले काळपट किडे, अख्ख्या दाण्यात अंडी घालतात. पिठात त्यांची पैदास होत नाही, दिसले तर ते धान्याबरोबर दळणातून आले समजा. जाळी करणारी अळी असती तर पिठाच्या गुठळ्या तारेत ओवल्यासारख्या झाकणाला लोंबल्या असत्या. तुमच्याकडे यातलं काहीच नाही.

माइट हा कोळ्याच्या कुळातला आठ पायांचा जीव. आकार अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर, अंग जवळजवळ पिठाच्याच रंगाचं, पाय किंचित तांबूस. एकटादुकटा कुणाला दिसत नाही, हजारोंनी झाले की धूळ म्हणून दिसतात. त्या धुळीत जिवंत असतात तसे मेलेलेही असतात, त्यांच्या काती असतात, विष्ठा असते. चाळणीच्या भोकातून पीठ जातं तिथून तेही सुखाने खाली येतात. दोनदा काय, दहादा चाळलं तरी तुम्ही पीठ आणि माइट दोन्ही एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताय, एवढंच होतं.

खात्री करायची असेल तर सोपी रीत आहे. काळी ताटली किंवा पालथा गार तवा घ्या. त्यावर दोन चमचे पिठाचा टोकदार ढीग करा आणि वारा नसेल अशा जागी ठेवून द्या. अर्ध्या-पाऊण तासाने बघा. ढिगाचं टोक आपोआप ढासळलं असेल, उतार खडबडीत झाला असेल आणि काळ्यावर ढिगाबाहेर बारीक पुळण सरकलेली दिसली, तर शंका नको. दुसरी रीत नाकाची. चिमूटभर पीठ बोटांत चोळून हुंगा. माइट खूप झाले की पुदिन्याच्या जवळ जाणारा वास येतो. तुमचा "उग्र-गोडसर" तोच असणार. पावसाळ्यात पिठात आणखी एक फिकट जीव येतो, जुन्या पुस्तकाची पानं उलटताना पळतो तो. तो मिलिमीटरभर असतो आणि थांबत थांबत भरभर धावतो, माइट रेंगाळतो. दोघांनाही ओलच लागते आणि उपायही एकच, तेव्हा त्या फरकात फार अडकू नका.

आता ओलीबद्दल, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं. माइट हवेतल्या दमटपणातून अंगात पाणी ओढून घेतो. आर्द्रता साधारण ६५ टक्क्यांच्या खाली राहिली की तो वाळून मरतो. पिठातला ओलावा १२ टक्क्यांच्या आत असेल तर त्याचा वंश वाढत नाही. तोच १५ च्या पुढे गेला की दोन आठवड्यांच्या आसपास पुढची पिढी तयार. म्हणून पिठात माइट दिसले की मी आधी "पाणी कुठून आलं?" हे शोधते. औषधाचा विचार करतच नाही.

इथे तुमच्या जागेचा प्रश्न येतो. जतला वर्षाला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि कोयनानगरच्या बाजूला पाच हजारांच्या घरात. त्याच गिरणीतलं तेच पीठ तुमच्या आईच्या डब्यात तीन आठवडे कोरडं राहील, तुमच्याकडे आठ दिवसांत हाताला दमट लागेल. पीठ हवेतली ओल शोषतं, आणि दाण्यापेक्षा कितीतरी लवकर शोषतं. तुम्ही पाटण गावात राहता, ढेबेवाडीच्या खोऱ्यात की धरणाकडे, खोलीच्या भिंतीला ओल धरते का, डबा मोरीला लागून असलेल्या भिंतीजवळ आहे का, यावर माझ्या सांगण्यातलं थोडं इकडंतिकडं होईल. मूळ हिशेब मात्र तोच राहील.

पण नुसत्या हवेवर दोष टाकून भागणार नाही. मला तुमच्या पार्सलचाच जास्त संशय आहे. गिरणीतून पडणारं पीठ चांगलं गरम असतं. भाकरीसाठी बारीक हवं म्हणून दगड जवळ आणले की अजून तापतं. अशा पिठातून बराच वेळ वाफ निघत असते. ते गरम असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून गाठ मारली, रात्रभर ठेवलं आणि सकाळच्या गाडीत टाकलं, की पिशवी गार होते आणि वाफेचं आतल्या आत पाणी होतं. पुढचं पार्सल आलं की पिशवी रिकामी करून आतून उलटी करा. गाठीच्या खाली प्लॅस्टिकला पिठाचा पातळ पापुद्रा चिकटलेला दिसेल. नखाने खरवडलात तर तो भुकटीसारखा न सुटता कणकेसारखा वळतो. म्हणजे तिथे पीठ भिजलं होतं. सगळ्या दहा किलोत ओल नसते, पण माइटला संसार थाटायला तेवढा पापुद्रा पुरतो. गरम पीठ थेट स्टीलच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावलं तरी हेच होतं. झाकणाच्या आत दव धरतं आणि वरचा थर भिजतो.

आता बीज कुठून आलं? पिठात काही आपोआप जन्मत नाही. ते जुन्या पिठाच्या सांदीतून येतं, आणि गिरणीतूनही येतं, हे गिरणीवाली असून सांगते. पीठ पडतं त्या तोंडाला बांधलेल्या कापडाच्या चुण्यांत आणि दगडाच्या पेटीच्या कोपऱ्यात आदल्या दिवसाचं पीठ बसलेलं असतं. मी सकाळी ते कापड सोडून झटकते आणि पहिल्या दळणाआधी थोडं धान्य टाकून निघालेलं पीठ बाजूला काढते. सगळेच करतात असं नाही. पावसाळ्यात दळण टाकताना "आधी कापड झटका" असं खुशाल म्हणावं. गिरणीवाल्याने तोंड वाकडं केलं तरी चालेल.

खाल्लं तर चालेल का, याला माझं उत्तर: हे पीठ नको. घराघरांत "भाजल्यावर काय राहतंय" म्हणून खपवतात. भाकरी तव्यावर भाजल्यावर माइट मरतात हे खरं, पण ॲलर्जी आणणारे त्यांचे पदार्थ उष्णतेने पूर्ण नष्ट होत नाहीत. माइट लागलेल्या पिठाचे पदार्थ खाऊन अंगावर गांधी उठणं, ओठ-चेहरा सुजणं, धाप लागणं असे प्रकार वैद्यकात नोंदलेले आहेत, तेही जास्त करून उष्ण आणि दमट मुलखातले. सगळ्यांना होत नाही. ज्यांना आधीच दमा, धुळीचं वावडं, सततच्या शिंका आहेत त्यांना धोका जास्त. तुमच्या घरात तसं कुणी असेल तर त्या पिठाला हातही लावू देऊ नका, कारण नुसतं हाताळूनही खाज सुटते. आणि भाकरी खाऊन कधी चेहरा सुजला किंवा श्वास अडला, तर घरी काढा करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

माइट असतात तिथे बहुतेक वेळा बुरशीही असते, ते तीही खातात. त्यामुळे "गुरांना तरी घालू" हाही विचार सोडा. पीठ पिशवीत बांधून त्याच दिवशी घराबाहेर काढा, किंवा कढत पाणी ओतून खतखड्ड्यात पुरा. स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात उघडं ठेवू नका. दहा किलो ज्वारी वाया जाताना जीव तुटतो, कळतं मला. भरडधान्याचे भाव मी रोज बघते.

साफसफाईत माणसं डबा लख्ख धुतात आणि दोन जागा सोडतात. पहिली, झाकणाची दुमडलेली कड. स्टीलच्या झाकणाचा पत्रा आत वळवलेला असतो त्या घडीत पीठ दाबून बसलेलं असतं. दात कोरायच्या काडीने किंवा जुन्या ब्रशने ते काढा, किती निघतं बघून चकित व्हाल. दुसरी जागा चाळणी. जाळी आणि पत्र्याची कड जिथे जुळतात तिथल्या खाचेत महिनोन्महिन्यांचं पीठ असतं. तुम्ही दोनदा चाळलंत म्हणजे दोनदा जुनं बीज नव्याने पेरलंत. चाळणी उकळत्या पाण्यात बुडवून काढा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाळवणं. जुलैत पाटणला डबा धुऊन पालथा घातला तर तो दोन दिवसांतही आतून कोरडा होत नाही, वरून तसा वाटतो. पुसून घ्या आणि बारीक गॅसवर, थोडा उंच धरून, फिरवत तापवा. प्लॅस्टिकचा डबा असेल तर केस वाळवायच्या यंत्राचा गरम वारा आत सोडा. फळीवरचा वर्तमानपत्राचा कागद काढून फेका, पावसाळ्यात तोच ओल धरून ठेवतो. फळी पाण्याने पुसू नका. कोरड्या ब्रशने भेगा, खिळ्यांची भोकं, कोपरे झाडून घ्या आणि डबे भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. माइटच्या काही जाती कोरड्या दिवसांत नुसत्या पडून राहतात आणि ओल आली की जाग्या होतात, म्हणून भेगांतलं पीठ निघणं गरजेचं.

तमालपत्र-लवंगांचं म्हणाल तर टाकल्याने नुकसान नाही, पण भरवसा त्यांच्यावर ठेवू नका. वासाने एखादा किडा दूर राहील, पिठात घातलेली अंडी त्याने मरत नाहीत आणि माइटला लागणारी ओल तर मुळीच कमी होत नाही. कडुनिंबाचा ताजा पाला घातला तर पिठात उलट पाणीच जातं. पाला घालायचा तो सावलीत खडखडीत वाळवून, आणि धान्यात. एरंडेलाचा हात कडधान्याला लावणं हा मात्र खरोखर कामाचा उपाय आहे, तेलाच्या थराने भुंगेऱ्याची अंडी मरतात. पिठाला त्याचा उपयोग नाही.

बोरिक पावडर आणि पाऱ्याच्या टिकड्या धान्यात ठेवणारी घरं अजून आहेत. पिठाच्या जवळपासही त्या नकोत. आणि धान्याच्या कोठीत टाकतात त्या गॅसच्या गोळ्या, ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या, घरात कुणी कितीही आग्रहाने दिल्या तरी आणू नका. हवेतल्या ओलीने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. शेजारच्या खोलीत झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्या गोळ्या गोदामासाठी आणि तिथल्या प्रशिक्षित माणसांसाठी आहेत. याबाबतीत मी गिऱ्हाइकाशी वाद घालते.

आता पुढच्या महिन्याचं. माझ्या मते तुम्ही जून ते सप्टेंबर आईकडून पीठ मागवूच नये. ज्वारी मागवा. जतची ज्वारी उन्हाळ्यात वाळून येते, दाण्याचं टरफल शाबूत असतं, त्यात ओल हळू शिरते आणि पोरकिड्यांनाही अख्खा दाणा सहसा फोडता येत नाही. तुमच्या पाटणकडच्याच गिरणीतून आठ-दहा दिवसांपुरतं दळून आणा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडेला चिरते, हे आई तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. बाजरीचं तर त्याहून कमी दिवसांचं आणा, ते आठवड्यात कडवट व्हायला लागतं.

धान्य पुरेसं वाळलंय का हे दाताने कळतं. दाणा कट् करून फुटला पाहिजे, दबला तर ओला. दुसरी परीक्षा मिठाची: कोरड्या काचेच्या बाटलीत तव्यावर गरम करून गार केलेलं मीठ आणि मूठभर दाणे घाला, चार-पाच मिनिटं हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर दाण्यात ओल जास्त आहे, दळू नका.

दळून आणलेलं पीठ परातीत पसरायचं, पण किती वेळ? इथे मी सांगलीकरांना एक सांगते आणि तुम्हाला दुसरं सांगेन. एप्रिलमध्ये पंख्याखाली तासभर पसरलं तरी चालतं. तुमच्याकडे भर पावसात तासभर पसरलेलं पीठ हवेतली ओल पिऊन बसेल. हाताला कोमट लागेनासं होईपर्यंतच पसरा आणि लगेच भरा. एका मोठ्या डब्याऐवजी तीन लहान डबे घ्या, काठोकाठ भरा आणि एक संपल्यावरच दुसरा उघडा. अर्धा रिकामा मोठा डबा रोज उघडला की रोज नवी दमट हवा आत येते. हवाबंद साठवणीची ताकद बघायची तर आमच्या शेजारच्या हरिपूरची जुनी हळदीची पेवं घ्या. जमिनीखाली गच्च बंद केलेल्या त्या खड्ड्यांत प्राणवायूच उरत नसल्यामुळे किडा जगत नसे, आणि पेव उघडल्यावर माणसालाही लगेच आत उतरू देत नसत. आपला डबा तेवढा बंद होत नाही, पण दिशा तीच.

फ्रीज असेल तर नीट समजून वापरा. खालच्या कप्प्यात पोरकिड्यांची वाढ थांबते, पण दमट पिठातला माइट तिथेही हळूहळू वाढू शकतो, कारण थंडी त्याला चालते. बर्फाच्या कप्प्यात, उणे अठरापर्यंत जाणाऱ्या, एक-एक किलोच्या बंद पिशव्या आठवडाभर ठेवल्या तर किडे, अंडी, माइट सगळं संपतं. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, बाहेरचं दव पुसा आणि मग उघडा, नाहीतर पुन्हा पिठात पाणी.

एवढं करूनही पुढे लालसर पोरकिडे दिसले तर तो वेगळा मामला. त्यांना ओलीची फारशी गरज नसते, ते अगदी कोरड्या पिठातही जगतात आणि उन्हाळ्याच्या गरमीत महिन्याभरात एक पिढी काढतात. त्यांची अंडी चिकट असतात, वर पीठ चिकटून दिसेनाशी होतात. तिथे उपाय म्हणजे भेगा साफ करणं, थंडीने मारणं आणि जुन्या पिठावर नवं पीठ न ओतणं. चार-दोन किडे असतील, वास-रंग ठीक असेल तर चाळून वापरायला माझी हरकत नाही. पीठ गुलाबीसर झालं असेल आणि नाकाला झोंबत असेल तर ते किड्यांनी सोडलेल्या रसायनांमुळे, तेही टाका.

राहिला फळीवरचा बाकीचा माल. रवा, पोहे, बेसन प्रत्येकाची काळ्या ताटलीवर परीक्षा करा. पोह्यांचा ढीग होत नाही, ते चाळून खाली पडलेला चुरा तेवढा तपासा. शुद्ध निघालेला रवा आणि पोहे मंद आचेवर भाजून, पूर्ण गार करून, तापवून कोरड्या केलेल्या डब्यात भरा. बेसनाला ज्वारीच्या पिठाइतका संशय धरू नका, पण डबा उघडा राहत असेल तर तेही भाजून ठेवा, पिठल्याला उलट चांगलंच लागतं. दुकानातून आणलेलं बंद पाकीट असेल तरी घडीचा भाग उघडून बघा, माइट कागदाच्या घडीतून आत शिरतात. आणि पंधरा दिवसांनी एकदा सगळ्यांची ती ताटलीची परीक्षा परत करा. अंडी राहिली असतील तर तोवर कळेल.